कुत्रा परदेशी न्यायचा तर आधी चिप, मग लस

नेसरीतून जर्मनीला जाताना घरचा कुत्रा सोबत न्यायचा, तर तिकिटाआधी आपण कॅलेंडर बघू. आपल्याकडे रेबीज आहे, म्हणून युरोपीय संघाचे नियम कडक आहेत. आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. चिपआधी टोचलेली लस धरतच नाहीत. ती याच कुत्र्याला दिली हे कशावरून? लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं. अहवाल चांगला आला, तरी रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. लसीआधीच लागण झाली असेल, तर बहुधा या काळात लक्षणं दिसतात. निघताना मुंबईच्या प्राणी क्वारंटाईन केंद्राचा आरोग्य दाखला घ्यायचा. हे चार महिने आपण घरीच काढायचे. नाहीतर तिकडे उतरल्यावर मुक्या जनावराला वेगळं ठेवतात किंवा परत पाठवतात.