पडाव आणि सदिश

ग्वाल्हेरच्या 'पडाव' भागाचे नाव ऐकून हिंदीभाषकास मुक्काम आठवतो, तर कोकणातल्या माणसास माल वाहणारे गलबत. 'व्हेक्टर' शब्दाचीही हीच गत. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वाहून नेणारा. गणितात तो 'सदिश' झाला. नुसते शंभर किलोमीटर हे परिमाण. पण ग्वाल्हेरहून दक्षिणेस तेवढे गेल्यास झाशी, उत्तरेस गेल्यास आग्र्याची वाट! वैद्यकात तो रोगवाहक. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी दिसले. मूळ अर्थाशी वैद्यच अधिक इमानी राहिले, असे मला वाटते. हिवतापाच्या पत्रकात हा शब्द वाचून एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, डासाची दिशा कोणती?" मी म्हणालो, "साचलेल्या पाण्याकडून आपल्या अंथरुणाकडे."