मस्टँग ठेवू की चॅलेंजर घेऊ?

दोन्ही व्ही-एट, दोन्ही अमेरिकन, दोन्ही वेड लावणाऱ्या. पण रीलमध्ये दिसणारी मसल कार आणि रोज सकाळी ऑफिसला न्यायची मसल कार यात बराच फरक असतो. दोन्ही चालवून पाहिलेल्या एका मालकिणीचा हा हिशेब.

मसल कार म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला. ‘किती पळते?’ नाशिकच्या मावसभावापासून इथल्या पेट्रोल पंपावरच्या अनोळखी काकांपर्यंत सगळे हेच विचारतात. दुसरा प्रश्न, ‘ॲव्हरेज किती देते?’ हा मात्र खास नाशिकचा! ‘रोज वापरायला कशी आहे?’ हे कुणीच विचारत नाही. मी गेले दोन महिने नेमकं तेच शोधत होते.

त्याचं कारण असं. मी अमेरिकेत, मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ राहते. एमएस झालं, नोकरी लागली, शिक्षणाचं कर्ज फिटलं आणि मग मी २०१८ ची फोर्ड मस्टँग जीटी सेकंडहँड घेतली. सहा गिअरची, मॅन्युअल. आमच्याच ग्रुपमधल्या सांगलीच्या मित्राकडे २०१९ ची डॉज चॅलेंजर स्कॅट पॅक आहे, ऑटोमॅटिक. त्याला आता कॅलिफोर्नियात नोकरी लागलीये आणि गाडी तो इथंच विकून जाणार आहे. ‘अगं, तुझी वीक आणि ही घे की! भावाचं आपण बघू,’ असं त्याचं म्हणणं. मग ठरलं, दोन महिने गाड्या अदलाबदल करून वापरायच्या आणि मगच निर्णय घ्यायचा.

भानगड सुरू कुठून झाली?

मसल कार म्हणजे काय, तर मध्यम आकाराच्या, साध्या गाडीत भलंमोठं व्ही-एट इंजिन बसवायचं आणि तरुणांना परवडेल अशा किमतीत विकायचं. १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून ही लाट आली असं साधारण मानतात. त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग आली. किंमत २,३६८ डॉलरपासून. पहिल्याच दिवशी २२ हजार ऑर्डर! काटेकोर बोलायचं तर मस्टँग ही ‘पोनी कार’, म्हणजे आकारानं आणखी आटोपशीर. पण आज तो फरक फक्त जाणकारच करतात.

चॅलेंजर आली १९७० च्या मॉडेलनं आणि १९७४ मध्ये बंदही झाली. धुराचे कडक नियम, १९७३ चं तेलसंकट आणि जास्त पॉवरच्या गाड्यांवर इन्शुरन्स कंपन्यांनी लावलेला जादा आकार, या तिघांनी मिळून मसल कारचा तो पहिला काळ संपवला. २००८ मध्ये चॅलेंजर परतली ती जुना चेहरा घेऊनच. मस्टँग मात्र १९६४ पासून अखंड सुरू आहे. भारतातही ती २०१६ मध्ये आली, दिल्लीत एक्स-शोरूम ६५ लाखांपासून. ती फक्त ऑटोमॅटिक होती.

कागदावर एक, रस्त्यावर दुसरंच

आकडे बघितले तर चॅलेंजर जिंकते. तिचं इंजिन ६.४ लिटरचं, ४८५ हॉर्सपॉवर. माझ्या मस्टँगचं ५ लिटरचं, ४६० हॉर्सपॉवर. पण चॅलेंजरचं वजन भरतं सुमारे १,९२० किलो आणि मस्टँगचं १,६८०. भागाकार करा. दर टनामागे चॅलेंजरला साधारण २५३ हॉर्सपॉवर मिळतात, मस्टँगला २७४. म्हणून ताशी शंभर किलोमीटर गाठायला दोघींना जवळपास सारखाच वेळ लागतो, साडेचार सेकंदांच्या आसपास.

खरा फरक पॉवर कशी मिळते यात आहे. चॅलेंजरचं हेमी इंजिन जुन्या घडणीचं, सिलिंडरमागे दोनच व्हॉल्व्ह. ते खालच्या आरपीएमलाच ताकद देतं. सिग्नल सुटला, पाय नुसता टेकवला, की पाठीत गुद्दा! मस्टँगच्या इंजिनाला सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह आहेत आणि ते साडेसात हजार आरपीएमपर्यंत फिरतं. मजा हवी असेल तर ते तिच्याकडून काढून घ्यावी लागते. योग्य गिअर, योग्य वेळ, क्लचवर नेमका पाय. एक गाडी ताकद हातात आणून देते, दुसरी तुम्हाला कामाला लावते.

आणि एक सत्य दोघींनाही लागू. मस्टँगच्या दुसऱ्याच गिअरमध्ये इथल्या हायवेची ताशी ७० मैलांची, म्हणजे ११२ किलोमीटरची मर्यादा संपते. त्याच्या वर अजून चार गिअर उरतात. म्हणजे तुम्ही ज्या पॉवरचे पैसे भरता, तिचा बराचसा भाग कायद्यात राहून रस्त्यावर वापरताच येत नाही. ती वापरायची जागा म्हणजे ट्रॅक. रात्री रिकाम्या रस्त्यावर शर्यती लावणारी मुलं इथंही आहेत, पोलिसांच्या गाड्या आणि ॲम्ब्युलन्सही आहेत. ओल्या रस्त्यावर मागच्या चाकांना एवढी ताकद अचानक मिळाली, तर गाडी फिरायला क्षणही पुरतो.

बाबा मागे बसले!

चॅलेंजर पाच मीटरहून थोडी जास्तच लांब आहे. आपल्या इनोव्हा क्रिस्टापेक्षा जवळपास फूटभर मोठी, आणि दरवाजे दोनच! मॉलच्या पार्किंगमध्ये ती लावताना घाम फुटतो. पण त्या लांबीचा फायदा आत बसल्यावर कळतो. मागच्या सीटवर तीन बेल्ट आहेत आणि डिकी ४५९ लिटरची.

सप्टेंबरमध्ये आई-बाबा आले तेव्हा नेमकी चॅलेंजर माझ्याकडे होती. तीन मोठ्या बॅगा डिकीत गेल्या, चौथी मागच्या सीटवर आणि तिच्या शेजारी बाबा. आत शिरताना थोडी कसरत झाली, पण एकदा बसल्यावर घरापर्यंत त्यांनी तक्रार केली नाही, उलट एक झोप काढली. मस्टँगमध्ये हे शक्यच नव्हतं. तिच्या मागच्या सीटवर माणसं नाही, दप्तरं बसतात. डिकीही ३८२ लिटरची.

लांबच्या प्रवासातही चॅलेंजरच पुढे. तिचं सस्पेन्शन खड्डे गिळतं आणि मिशिगनच्या रस्त्यांवर खड्डे भरपूर आहेत, नाशिककराला अगदी घरच्यासारखं वाटावं इतके. मस्टँग प्रत्येक खड्ड्याची बातमी देते. पण वळण आलं की पारडं फिरतं. मस्टँग बोट दाखवावं तिकडे वळते. चॅलेंजर वळते, पण आधी थोडा विचार करते.

आवाज आणि शेजारी

व्ही-एटचा आवाज हे या गाड्या घेण्याचं निम्मं कारण असतं. पण सकाळी साडेसहाला तोच आवाज शेजाऱ्यांचा शत्रू. माझ्या मस्टँगला ॲक्टिव्ह एक्झॉस्ट आहे. ठरावीक वेळेत गाडी गुपचूप सुरू व्हावी असं सेटिंग त्यात करता येतं. चॅलेंजर सुरू होते तेव्हा अख्ख्या बिल्डिंगला कळतं, कोण ऑफिसला निघालं ते.

खिशाचं काय?

ॲव्हरेजमध्ये दोघी बहिणी. सरकारी आकड्यांनुसार शहरात साधारण लिटरला सव्वासहा, हायवेला दहा-साडेदहा किलोमीटर. चॅलेंजरची ऑटोमॅटिक हायवेवर चार सिलिंडर बंद करते, त्यामुळे एवढ्या मोठ्या इंजिनाला हा आकडा जमतो. तिला जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल लागतं. मस्टँग साध्यावरही चालते, फक्त पॉवर थोडी कमी मिळते.

बारीकसारीक खर्च वेगळेच. हेमीला प्रत्येक सिलिंडरमागे दोन स्पार्क प्लग, म्हणजे बदलायचे तेव्हा सोळा. माझ्या मस्टँगचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद आहेत. त्यामुळे पुढचे मागे, मागचे पुढे असं करून आयुष्य वाढवता येत नाही. शिवाय हिवाळा! समर टायरचं रबर सात अंशांच्या खाली कडक होतं आणि पकड सोडतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या या गाड्यांना बर्फात विंटर टायरचा दुसरा संच लागतोच. रस्त्यावर टाकलेल्या मिठानं खालून गंज चढतो, म्हणून सतत धुणं आलं.

आणि सगळ्यात मोठा आकडा इन्शुरन्सचा. मिशिगन यासाठी आधीच बदनाम. वय पंचविशीच्या आत असेल तर आणखी जास्त. मी चॅलेंजरसाठी कोटेशन मागवलं, तर माझ्या मस्टँगपेक्षा बरंच वर आलं. एक कारण चोरी. विम्याच्या आकड्यांवर काम करणाऱ्या एचएलडीआय या अमेरिकी संस्थेच्या २०२३ च्या अहवालात डॉजच्या व्ही-एट गाड्या चोरांच्या यादीत अगदी वर होत्या. चॅलेंजरची चार दरवाज्यांची बहीण, चार्जर हेलकॅट, सरासरी गाडीच्या साठपट! कंपनीनं २०२१ मध्ये यावर एक भन्नाट सॉफ्टवेअर जाहीर केलं होतं. योग्य कोड टाकला नाही तर इंजिन जेमतेम २.८ हॉर्सपॉवर देतं. ॲक्टिव्हाच्या निम्म्याहूनही कमी!

मग काय ठरलं?

मित्राचा शेवटचा मुद्दा वजनदार होता. ‘अशी गाडी परत होणार नाही गं.’ खरंय. कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यात डिसेंबर २०२३ मध्ये शेवटची चॅलेंजर तयार झाली. त्याच सुमारास शेवरोलेची कॅमॅरोही थांबली. मस्टँग तेवढी नव्या पिढीत व्ही-एट घेऊन उभी आहे.

पण ‘परत मिळणार नाही’ हे गाडी जपायचं कारण झालं, वापरायचं नाही. मला रोज चालवायची आहे. चॅलेंजरमध्ये मी मजेत बसून जाते, आणि तिची खरी मजा जिथं सुरू होते तिथं स्पीड लिमिट आडवी येते. मस्टँगमध्ये ताशी साठ किलोमीटरच्या वळणावरही हातापायांना काम असतं. म्हणून मी मस्टँग ठेवतेय. माझ्या घरी दोन मुलं असती किंवा रोजचा प्रवास शंभर किलोमीटरचा असता, तर बिनदिक्कत चॅलेंजर घेतली असती.

एमएससाठी इकडे यायचं स्वप्न बघणाऱ्यांना एवढंच सांगेन. पहिल्या वर्षी या गाड्यांच्या शोरूमकडे फिरकू नका. क्रेडिट हिस्टरी नसताना कर्ज महाग पडतं. आणि जेव्हा घ्याल तेव्हा टेस्ट ड्राइव्हच्या आधी इन्शुरन्सचं कोटेशन मागवा. ते वाचूनही गाडी आवडली, तर ती खरंच आवडलीये असं समजा.

आमनेसामने

मस्टँग जीटी (२०१८, मॅन्युअल)
इंजिन: ५ लिटर व्ही-एट
पॉवर: ४६० हॉर्सपॉवर
टॉर्क: सुमारे ५७० न्यूटन मीटर
सीट: ४
कुणासाठी: ज्याला गाडी चालवायची आहे

चॅलेंजर स्कॅट पॅक (२०१९, ऑटोमॅटिक)
इंजिन: ६.४ लिटर व्ही-एट
पॉवर: ४८५ हॉर्सपॉवर
टॉर्क: सुमारे ६४४ न्यूटन मीटर
सीट: ५
कुणासाठी: ज्याला दोस्तांना घेऊन लांब जायचं आहे