तीस सेकंदांची झोप

जव्हार-मोखाड्यात बोहाड्याचा उत्सव लागला की रात्र रात्र सोंगं नाचतात आणि गाव पहाटे कधीतरी आडवं होतं. एखाद्या तरुणाच्या मनगटावर स्मार्ट घड्याळ असलं, तर ते उठल्या उठल्या गाढ झोपेची मिनिटं सांगतं. मेंदूतलं त्याला कळलं कसं? कळलेलंच नसतं. हाताची हालचाल आणि हिरव्या उजेडाने टिपलेली नाडी, एवढ्यावर त्याचा अंदाज चालतो.

हा अंदाज शिकवला प्रयोगशाळेतल्या ईईजीने, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखाने. तिथे कागद सेकंदाला 1 सेंटिमीटर सरकायचा आणि पान 30 सेंटिमीटरचं; म्हणून झोप मोजायची 30 सेकंदांच्या तुकड्यांत. 8 तासांची 960 पानं, 288 मीटर कागद! पानातली 6 सेकंदं मोठ्या संथ लाटांची असली की गाढ झोप, 5 असली तर नाही. कागद गेला, तरी 2007 च्या नियमावलीत 30 सेकंद कायम राहिले आणि मशिन लर्निंगची बहुतेक मॉडेलं आजही तेवढेच तुकडे वाचतात.

या कागदाशी सर्वांत चिवटपणे झुंजला संशोधक युजीन अ‍ॅझेरिन्स्की. 1951 च्या अखेरीस शिकागोत त्याने आपल्या 8 वर्षांच्या मुलाला यंत्राला जोडलं. रात्री लेखण्या अचानक थरथरू लागल्या. पोर जागं झालं असं समजून तो आत गेला, तर मुलगा झोपलेलाच, फक्त पापण्यांआड डोळे भिरभिरत होते. स्वप्ननिद्रा सापडली ती अशी. 1953 च्या निबंधावर सहलेखक म्हणून नाव होतं गुरू नॅथनिअल क्लाइटमन यांचं. पुढे निद्राविज्ञानाचे जनक म्हणून मान मिळाला तोही गुरूंनाच. अ‍ॅझेरिन्स्कीच्या पदरात फार थोडं पडलं, आणि हे खटकतं.

झोप ओळखणारं मॉडेल 'माणसाइतकं अचूक' असल्याचा दावा जपूनच घ्यावा. 2013 च्या एका अभ्यासात 2,500 हून अधिक तपासनिसांनी तीच पानं वाचली, एकमत 82.6 टक्के. डोळा लागतानाच्या टप्प्यावर तर जेमतेम 63. मॉडेलने गिरवलेला कित्ता हाच.

शिवाय कित्ता कुणाच्या झोपेचा? सर्रास वापरल्या जाणाऱ्या स्लीप-ईडीएफ संचातल्या निरोगी माणसांच्या नोंदी 1987 ते 1991 मधल्या, गोऱ्या माणसांच्या. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाची रात्र त्यात नाही. सिकलसेल या रक्तविकाराच्या रुग्णांची उणीव जास्त गंभीर आहे: त्यांच्यात अनेकांचा ऑक्सिजन झोपेत उतरतो आणि रक्त कमी असल्याने नाडीही जलद चालते. नाडीवरून झोप ओळखणारं घड्याळ नेमकं तिथेच फसू शकतं. जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात अशा रुग्णांच्या काही रात्री ईईजीवर नोंदवाव्यात, दोन तपासनिसांनी त्या स्वतंत्रपणे वाचाव्यात आणि मग मॉडेलचं उत्तर शेजारी ठेवावं.