रानात निघण्याआधी कुत्र्याचं कार्ड पाहा

थंडी पडली की बुलढाण्यात राजूर घाटाच्या रस्त्यावर सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी वाढते. शनिवारी रात्री मोबाइलवर निरोप जातो : उद्या सहाला, चौकात, चहा परतल्यावर. अशा निरोपाखाली हल्ली कुणीतरी हमखास लिहितं, 'आमच्या टायगरलाही आणतो.' मग दुसऱ्याची ज्युली येते, तिसऱ्याचा शेरू येतो. रविवारी घाटाऐवजी एखाद्या गावाबाहेरच्या पांदणीनं जायचं ठरतं. कुणी गाडी काढायची, पोहे कुठे खायचे, हेही ठरतं. कुत्र्यांबद्दल मात्र कोणी काही विचारत नाही.

गट करून चालणं या जिल्ह्याला नवं नाही. शेगावच्या वाटेवर पायदळ दिंड्या असतात. चालण्याचे फायदेही आता नव्यानं सांगायला नकोत. 2015 साली गटानं चालण्यावरच्या 42 अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सहभागी झालेल्यांचा वरचा रक्तदाब सरासरी साडेतीन-चार अंकांनी उतरल्याचं दिसलं, आणि गट सोडून जाणारेही फार नव्हते. 2019 साली इंग्लंडमधल्या चेशायर भागातल्या पाहणीत, आठवड्याला 150 मिनिटांच्या शारीरिक हालचालीचा निकष पूर्ण करण्याची शक्यता कुत्रा पाळणाऱ्यांत इतरांच्या चौपट आढळली. अर्थात तिथल्या कुत्र्याला रोज फिरवून आणतात. आपल्याकडचा कुत्रा बहुतेक वेळा दिवसभर अंगणात साखळीला असतो आणि रविवारी एकदम आठ किलोमीटर चालतो. तो बिथरला तर नवल नाही.

म्हणून आखणीतला पहिला प्रश्न वाट कोणती हा नसून, प्रत्येक कुत्र्याला रेबीजची लस कधी टोचली हा असावा. 'दिली होती की लहानपणी' हे उत्तर चालत नाही. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग पशुवैद्य सांगतील तेव्हा पुढची मात्रा आणि त्यानंतर दरवर्षी एक, असा साधारण क्रम आहे. पहिल्या लसीनंतर अंगात पुरेसं संरक्षण तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात. त्यामुळे शुक्रवारी टोचून रविवारी आणलेलं पिल्लू सुरक्षित धरता येत नाही. निरोपाच्या त्याच गटात कार्डाचा फोटो टाकायला सांगितलं तर कुणाला राग येण्याचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात रेबीजनं वर्षाला सुमारे 59 हजार माणसं दगावतात. माणसाला होणाऱ्या रेबीजमागे जवळजवळ नेहमी कुत्राच असतो. लक्षणं दिसू लागल्यावर या आजारातून रुग्ण वाचणं जवळपास अशक्य आहे.

अशा फेरफटक्यात चावा कसा होतो, हेही माहीत असायला हवं. अनोळखी दोन कुत्री अरुंद पांदणीत समोरासमोर आली की जुंपते. मालक मध्ये हात घालतो आणि चावा त्याच्याच हाताला बसतो. हे टाळायचं तर सगळ्या कुत्र्यांची ओळख आधी मोकळ्या मैदानात, अंतर राखून करून द्यावी. पहिला अर्धा किलोमीटर ती एकामागे एक न नेता शेजारी शेजारी, अंतरानं न्यावीत. एका माणसाकडे एकच कुत्रा असावा, तोही दोरीला. लहान मुलाच्या हाती दोरी देऊ नये. खाऊ सगळ्यांसमोर काढू नये. भांडण लागलंच तर हात न घालता पाणी मारावं किंवा दोऱ्या मागून ओढाव्यात. वाटेत गावातलं एखादं मोकाट कुत्रं मागे लागतं, त्याला बिस्किट टाकलं की ते गटात सामील होतं. प्रेमळ असलं तरी त्याच्या लसीचा ठाव कुणालाच नसतो.

चावा बसला, दात नुसता घासला किंवा नखानं ओरखडा उठला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवावी. घड्याळ लावून पाहिलं तर 15 मिनिटं किती मोठी असतात ते कळतं. बहुतेक जण दोन मिनिटांत थांबतात. विषाणू जखमेतून नसेत शिरण्याआधी त्याला मारायची ही सर्वांत स्वस्त संधी आहे. म्हणून साबणाची वडी आणि दोन-तीन लिटर जादा पाणी एकाच्या तरी पाठपिशवीत हवंच. हळद, तिखट, चुना यातलं काही लावू नये. जखम बांधून टाकू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावं, तिथे लस मोफत मिळते. दंडाच्या कातडीत टोचायची असेल तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, स्नायूत टोचायची असेल तर 14 व्या दिवशीही. रक्त आलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही भरावं लागतं. लस काम करू लागेपर्यंतचे दिवस ते सांभाळतं. 'आपल्याच शेरूचा दात लागला, दहा दिवस पाहू' असं म्हणून थांबणं धोक्याचं आहे. लस लगेच सुरू करायची आणि कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवायचा. तो धडधाकट राहिला तर पुढच्या मात्रांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतात.

खरं तर कुत्री घेऊन गटानं रानात चालण्याची जुनी सवय जिल्ह्यात फिरणाऱ्या मेंढपाळांना आहे. पिकं निघाली की शेतात मेंढ्या बसवलेल्या दिसतात. त्यांची राखणीची कुत्री बांधलेली नसतात आणि कळपाजवळ येणारा प्रत्येक परका कुत्रा त्यांच्या लेखी लांडगाच. अशा वाड्याला लांबून वळसा घालावा, लांबूनच हाक द्यावी.

मेंढ्या आणि कुत्रा यांच्या जोडीतून माणसाला एक आजार मिळतो, तो शहरात फारसा माहीत नाही : हायडॅटिड. कापलेल्या मेंढीचं कच्चं काळीज किंवा फुप्फुस कुत्र्यानं खाल्लं, तर त्याच्या आतड्यात एक बारीक फीतकृमी वाढतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना चिकटतात आणि न धुतलेल्या हातानं माणसाच्या पोटात जातात. मग यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याची गाठ वर्षानुवर्षं मुकाट वाढत राहते. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ती सापडते तेव्हा रुग्णाला कुत्रा आठवतही नाही. त्यामुळे कुत्र्याला ठरावीक काळानं जंताचं औषध द्यावं, वाटेत पडलेलं काही खाऊ देऊ नये, आणि पोह्यांच्या ताटलीआधी सगळ्यांनी हात साबणानं धुवावेत.

दिवस आणि वेळ ठरवताना घाटावर जायचं की घाटाखाली, हे पाहावं. बुलढाणा-चिखलीकडची सकाळ आणि मलकापूर-नांदुऱ्याकडची सकाळ सारखी नसते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं, हाच त्याचा मुख्य पंखा. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा तो पंखाही अधू असतो, त्यांना लांबच्या वाटेवर नेऊच नये. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही, तर कुत्र्याचे तळवे भाजणारच. फेब्रुवारी संपला की नऊच्या आत घरी परतलेलं बरं. सर्वांत थकलेला कुत्रा जिथे बसेल तिथे सगळ्या गटानं थांबायचं, हे निघतानाच ठरवून टाकावं. धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक झाल्या, पाय लटपटू लागले, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावं आणि 1962 या पशुवैद्यकीय क्रमांकावर फोन करावा.

आता जंगलाचं. ज्ञानगंगा किंवा लोणार अभयारण्याच्या हद्दीत पाळीव कुत्रा नेऊ नये, हौस कितीही असो. टिपेश्वरहून निघालेला गळपट्ट्याचा वाघ डिसेंबर 2019 मध्ये शेकडो किलोमीटर चालून याच ज्ञानगंगेत आला होता. बिबटे आणि अस्वलं तर इथे कायमचीच. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात (विदर्भातलं अकोला नव्हे) विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा वजनाच्या हिशेबानं त्यांच्या खाण्यात सुमारे 39 टक्के कुत्री निघाली. अस्वलाची गोष्ट वेगळी. मोकळा कुत्रा झुडपात शिरून भुंकतो, अस्वल अंगावर आलं की जीव घेऊन मालकाकडे पळतो, आणि अस्वल त्याच्या मागे. कुत्र्यांचा डिस्टेंपरसारखा आजारही रानातल्या प्राण्यांत पसरू शकतो. 2018 साली गीरच्या सिंहांत तो आढळला होता.

जंगलाबाहेरच्या वावरातही दोरी सोडू नये. रानडुकरांसाठी काही धुऱ्यांवर तारेत वीज सोडलेली असते. कुत्रा चिकटला की त्याला ओढायला गेलेला माणूसही चिकटतो. बंधाऱ्याच्या दगडांत घोणस किंवा फुरसं असू शकतं आणि नाक तिथे आधी कुत्र्याचंच जातं. माणसाला साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं नको. हातपाय न हलवता 108 ची गाडी बोलवावी.

घरी आल्यावर कुत्र्याचे कान, काखा आणि बोटांमधल्या बेचक्या पाहाव्यात. गोचीड नखानं चिरडू नये, चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढावी. माणसांनी स्वतःचं अंगही पाहावं, कारण गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. 2018 साली नागपूर भागात त्याची मोठी साथ आली होती. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला, अंगावर कुठे काळी खपली दिसली, तर दवाखान्यात फक्त 'ताप आहे' न म्हणता रानात गवतातून फिरलो होतो, हेही सांगावं.