रेंज कमी पडली म्हणून पॉवर वाढवू नका

फायनल इयरच्या वायरलेस प्रोजेक्टची चाचणी मैदानावर गेली की ठरलेलं वाक्य कानावर येतं : "रेंज येत नाहीये, जास्त पॉवरचं मॉड्यूल आणू." मग कोणीतरी लॅमिंग्टन रोड नाहीतर तपकीर गल्ली गाठतं आणि ग्रुपची वर्गणी संपते. रेंज मात्र फारशी हलत नाही.

गणितच तसं आहे. मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डीबीने उतरतो. १० मिलीवॉटऐवजी १०० मिलीवॉट लावले, तर हाती येतात १० डीबी, म्हणजे अंतर जेमतेम तिप्पट. जमिनीलगत तर परावर्तित लहर मूळ लहरीला खात असते. तिथे दहापट पॉवर देऊनही अंतर पुरतं दुप्पट होत नाही.

"पण सर, समोरचं मॉड्यूल डोळ्यांना दिसतंय की!" दिसणं पुरेसं नसतं. रेडिओलहर दोन अँटेनांना जोडणाऱ्या रेषेवरूनच जात नाही. तिला त्या रेषेभोवती फुगीर, लंबगोल जागा मोकळी लागते. हाच फ्रेनेल झोन. ८६६ मेगाहर्ट्झवर एक किलोमीटरच्या लिंकसाठी मध्यावर त्याची त्रिज्या नऊ मीटरच्या वर जाते. दीड मीटरच्या स्टँडवर अँटेना ठेवली, तर यातला जवळजवळ अर्धा भाग जमिनीत गेला. तेच मॉड्यूल होस्टेलच्या गच्चीवर न्या. खर्च फक्त जिने चढण्याचा.

कमी पॉवरवरही किती लांब पोचता येतं, ते बघा. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ मधून गेला. वजन सुमारे एक किलो. एवढ्याशा ठोकळ्यावरच्या सौरपट्ट्यांतून मिळून मिळून दोन-एक वॉट मिळणार. म्हणजे ट्रान्समीटरला येणारा वाटा त्याहून लहानच. तरी असे उपग्रह शेकडो किलोमीटरवरून जमिनीवर ऐकू येतात, कारण मधे काही आडवं येत नाही आणि खाली दिशा धरणारी चांगली अँटेना असते.

अँटेनाबद्दलचा गैरसमज जास्त चिवट आहे, कारण तो रिपोर्टमध्ये छान दिसतो. सिम्युलेशनमध्ये एस-वन-वनचा आलेख उणे ३० डीबीपर्यंत खाली गेला की अँटेना उत्तम, असं धरून चालतात. व्हायवाला एक प्रश्न विचारावा : अँटेनाच्या जागी ५० ओहमचा नुसता रेझिस्टर लावला तर? आलेख याहून देखणा येईल आणि हवेत काहीच जाणार नाही. पॉवर परत आली नाही, एवढंच हा आकडा सांगतो. ती कुठे गेली ते सांगत नाही. स्वस्त एफआर-फोर बोर्डावरच्या पॅच अँटेनात तिचा बराच हिस्सा उष्णता होऊन बोर्डातच मुरतो. म्हणून एफिशियन्सी आणि गेन पाहिल्याशिवाय त्या आलेखावर मार्क देऊ नयेत, असं माझं मत. अँटेना म्हणून वायर जोडणार असाल तर लांबीही मोजून घ्या : पाव लहर ४३३ मेगाहर्ट्झला साधारण १७ सेंटिमीटर भरते, ८६६ला त्याच्या निम्मी.

'लायसन्स-फ्री' या शब्दाने तर भलतंच धाडस येतं. भारतात लोरासाठी वापरला जाणारा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय खुला आहे, पण पॉवर आणि बँडविड्थच्या मर्यादा पाळूनच. ऑनलाइन सहज मिळणारं ९१५ मेगाहर्ट्झचं मॉड्यूल अमेरिकेच्या पट्ट्यासाठी असतं. आपल्याकडे ८९० ते ९१५ मध्ये मोबाइल हँडसेट टॉवरशी बोलतात. प्रोजेक्टच्या तयार याद्यांमध्ये अजून दिसणारा 'स्वस्तातला मोबाइल जॅमर' तर सरकारी परवानगीशिवाय वापरणं बेकायदेशीरच. "लॅबपुरताच चालवला" ही सबब टिकत नाही, कारण शेजारच्या वर्गातला फोनही त्याने बंद पडतो.

खरोखर जास्त पॉवरने प्रयोग करायचे असतील, तर त्यासाठी हॅम रेडिओ आहे. दूरसंचार विभागाची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा. वयाची अट १२ वर्षांची आहे; फायनल इयरपर्यंत थांबायचं कारण नाही.