तंबूतला पाऊस

पहाटेचे तीन. बाहेर टिपूर चांदणं, आभाळात ढगाचा पुंजका नाही, आणि आमच्या तंबूत पाऊस पडत होता.

तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरमधली ही गोष्ट. पार्सिपनीहून २८७ धरून उत्तरेला निघालं की दोन-अडीच तासांत कॅट्सकिलचे डोंगर लागतात. न्यूयॉर्क राज्याच्या त्या भागात बंदुकीने हरणं मारण्याचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होतो. माझा एक अमेरिकन सहकारी दरवर्षी तेव्हा चार दिवस तिथे तळ ठोकतो. त्या वर्षी त्याने मला आणि माझ्या एका पुणेकर मित्राला बोलावलं. आम्हाला शिकारीत रस नव्हता, डोंगरात होता. दिवसा नारिंगी जॅकेट घालून भटकायचं आणि रात्री तळावर सगळ्यांची खिचडी शिजवायची, एवढंच आमचं काम.

माझ्या पाठीवर नवाकोरा तंबू होता. दोघांचा, एकपदरी, जेमतेम ९०० ग्रॅम. महिनाभर तक्ते मांडून, ग्रॅम ग्रॅम मोजून घेतलेला. सहकाऱ्याने झाडीत तंबू लावला. आम्ही मात्र तारे दिसावेत म्हणून समोरच्या खोलगट कुरणात लावला आणि थंडी लागू नये म्हणून सगळ्या चेन घट्ट बंद केल्या.

जाग आली ती गालावर पडलेल्या थेंबाने. छत गळत होतं. पिसांच्या स्लीपिंग बॅगा पायाकडून भिजून चोथा झाल्या होत्या. मित्र कुडकुडत होता, त्याचं मला विशेष वाटलं नाही. पण तो बोलताना अडखळायला लागला आणि त्याला साधी चेन उघडता येईना, तेव्हा मी घाबरलो. शरीराचं तापमान धोकादायक घसरत चालल्याच्या या खुणा आहेत. त्याला तसाच उठवून सहकाऱ्याच्या तंबूत नेलं. सहकाऱ्याने काही न विचारता त्याचे ओले कपडे बदलले आणि चूल पेटवली. अर्ध्या तासाने मित्राने स्वच्छ मराठीत "चहा आहे का?" असं विचारलं, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

मी पॉलिमरमध्ये पीएचडी केलेला माणूस. तंबूचं कापड म्हणजे माझ्या विषयाच्या शेजारचंच घर. तरीही चुकलो, कारण मी फक्त वजनाकडे पाहिलं. तुमच्यापैकी अनेकजण इथे मुलांना घेऊन कॅम्पिंग करता. काहीजण आता गाडीपासून लांब, पाठीवर सगळं घेऊन जाऊ लागले आहेत. तुमची चूक माझ्यापेक्षा स्वस्तात व्हावी, म्हणून हा लेख.

आपण मुळात तंबूवाले नाही

सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना तंबूची सवय नसते. हरिश्चंद्रगडावर आणि रतनगडावर गुहा आहेत, सुधागडावर वाडा आहे. काहीच नाही तर पायथ्याच्या गावात मारुतीचं देऊळ किंवा कुणाची तरी ओसरी असतेच. दगडी गुहेत श्वासाच्या वाफेची चिंता कोण करतो?

शब्द मात्र आपल्याकडे भरपूर आहेत: डेरा, राहुटी, कनात, पाल. हे सगळं जाड सुती कापडाचं काम. सुताचा एक मोठा गुण असा की भिजल्यावर तंतू फुगतात आणि विणीतली भोकं बुजतात, पण कोरडं असताना त्याच भोकांतून वाफ बाहेर जाते. पावसात अशा कापडाला आतून हात लावू नये असं जुने लोक सांगतात, तेही खरं आहे. हात लागला की तिथे पाणी ओढलं जातं आणि गळती सुरू होते. सुती तंबूची अडचण एकच, वजन. तो न्यायला बैल लागतो.

वजन कमी करायचं म्हणून आपण सूत सोडून नायलॉनवर सिलिकॉनचा लेप दिला. कापड पातळ झालं, पाणी आत येईनासं झालं. आणि वाफ बाहेर जाईनाशी झाली.

अर्धा लिटर पाण्याचा हिशेब

झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात साधारण २०० ते ३०० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोघांचं मिळून अर्धा लिटर धरा. दोघांच्या छोट्या तंबूत हवा मावते सुमारे २ घनमीटर. ७ अंश सेल्सिअसला १ घनमीटर हवा जास्तीत जास्त पावणेआठ ग्रॅम वाफ धरू शकते. म्हणजे अख्ख्या तंबूतली हवा जेमतेम १५ ग्रॅम वाफ सांभाळणार. उरलेलं पाणी कुठे जाणार? एकतर झरोक्यांतून बाहेर, नाहीतर छतावर.

ते बाहेर घालवायचं तर किती वारा लागेल, तेही मोजू. बाहेर ४ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर बाहेरच्या १ घनमीटर हवेत आधीच सुमारे ५ ग्रॅम वाफ आहे. आतली हवा बाहेर जाताना सुमारे साडेसात ग्रॅम घेऊन जाते. निव्वळ फायदा अडीच ग्रॅमचा. अर्धा लिटर पाणी घालवायला २०० घनमीटर हवा लागेल, म्हणजे तंबूतली सगळी हवा रात्रीतून शंभर वेळा, दर पाच मिनिटांना एकदा बदलायला हवी. आणि आम्ही चेन बंद करून झोपलो होतो!

म्हणून तंबू निवडताना पहिला प्रश्न हा: हवा खालून येऊन वरून जाऊ शकते का? पाऊस चालू असतानाही उघडा ठेवता येईल असा झरोका माथ्याशी आहे का? बाहेरचं आवरण जमिनीपासून थोडं वर उचलता येतं का? दुपदरी तंबूतही बाहेरच्या पदरावर पाणी जमतंच. फरक एवढाच की आतली जाळी तुम्हाला त्या ओल्या पदराला टेकू देत नाही. ती सोय हवी असेल तर ३००-४०० ग्रॅम जास्त उचलायची तयारी ठेवा.

आकाश किती थंड असतं?

तरीही एक कोडं उरतं. तंबूचं कापड बाहेरच्या हवेइतकंच थंड असायला हवं. मग एवढं पाणी का साचलं?

याचं उत्तर तुमच्या पार्किंगमध्ये आहे. हिवाळ्यात उघड्यावर लावलेल्या गाडीची काच सकाळी खरवडावी लागते, पण झाडाखाली किंवा छपराखाली लावलेली गाडी बरेचदा मोकळी निघते. हवा तर दोघींनाही तीच. प्रत्येक वस्तू अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकत असते आणि समोरच्या वस्तूंकडून थोडी परत मिळवत असते. निरभ्र रात्री वर पाहणाऱ्या पृष्ठभागाच्या दृष्टीने आकाश हवेपेक्षा २० अंशांनी, कधी त्याहूनही जास्त थंड असतं. तिकडून परतफेड फारच कमी होते. पातळ कापडात उष्णतेचा साठा जवळजवळ नसतोच, त्यामुळे ते हवेपेक्षाही थंड होतं आणि दवबिंदूच्या खाली जातं. मग आतून-बाहेरून दव.

झाडाखाली कापडाला समोर आकाश नाही, पानं दिसतात. पानांचं तापमान साधारण हवेइतकं, म्हणून परतफेड बरी मिळते. शिवाय थंड हवा जड असते, ती उतारावरून वाहत जाऊन खोलगट जागी साचते. निफाडकडच्या थंडीच्या लाटेत द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटवतात, त्यामागेही साचलेल्या थंड हवेशीच झगडा आहे. आम्ही ताऱ्यांच्या नादात उघडं आकाश आणि खोलगट जागा, दोन्ही निवडलं होतं. उतारावर थोडं वर, सदाहरित झाडांखाली तंबू लावायला एक ग्रॅमही जास्त वजन पडत नाही. फक्त आधी वर बघून सुकलेल्या, तुटायला आलेल्या फांद्या नाहीत याची खात्री करा.

कापडाच्या चिठ्ठीवरचे आकडे

डेनियर म्हणजे ९ किलोमीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. २० डेनियरचा ९ किलोमीटर धागा २० ग्रॅम भरतो. आकडा लहान तितकं कापड हलकं आणि नाजूक.

दुसरा आकडा मिलिमीटरमध्ये असतो. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा राहिला की थेंब झिरपू लागतात, ते तो सांगतो. साधारण १५०० मिलिमीटरला कापड जलरोधक म्हणतात आणि छताला तेवढं पुरतं. जमिनीचं गणित वेगळं आहे. ७० किलोचा माणूस दोन गुडघ्यांवर टेकला आणि टेकलेली जागा १०० चौरस सेंटिमीटर धरली, तर दाब होतो ७ मीटर पाण्याइतका, म्हणजे ७००० मिलिमीटर! चिखलात गुडघा टेकताच तळातून ओल का येते, ते यावरून कळेल. छताच्या मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा तळाखाली एक पातळ प्लास्टिकचा कागद अंथरा.

आता धागा. नायलॉनच्या रेणूत पाण्याशी हायड्रोजन बंध जोडणारे गट असतात. साध्या दमट हवेतही ते आपल्या वजनाच्या सुमारे ४ टक्के पाणी शोषतं, ओलं झाल्यावर ताणतं आणि संध्याकाळी ताठ बांधलेला तंबू मध्यरात्री पोक काढतो. सैल छत वाऱ्यात फडफडतं आणि साचलेलं दव आपल्या अंगावर झाडतं. पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के पाणी शोषतं, म्हणून ताठ राहतं. तेवढ्याच वजनात नायलॉन जास्त मजबूत असतं, हे त्याच्या बाजूने. तिसरा पर्याय डायनिमाचा: अतिशय लांब साखळ्यांच्या पॉलिथिलीनचे धागे दोन पातळ पापुद्र्यांत दाबलेले. मूळचं हे शर्यतीच्या शिडांचं कापड. ते पाणी शोषत नाही, ताणत नाही आणि सगळ्यांत हलकं. पण घासण्याला आणि टोचण्याला नाजूक, आणि किंमत ऐकून घरी काय सांगायचं हा प्रश्न पडतो.

वजनाच्या आकड्यातही मेख असते. "किमान वजन" म्हणून छापलेल्या आकड्यात बरेचदा खुंट्या, दोर आणि पिशव्या धरलेल्या नसतात. सगळं बांधल्यावरचं वजन पाहा, किंवा सरळ स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा.

शिकाऱ्याचा तंबू वेगळा का?

सहकाऱ्याचा तंबू म्हणजे मधोमध एक खांब असलेला, तळ नसलेला शंकू. माथ्याशी उष्णतारोधक भोक आणि त्यातून बाहेर गेलेलं टायटॅनियमच्या घडीच्या चुलीचं धुराडं. तळ का नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, "चार दिवस चिखलाचे बूट घालून आत-बाहेर करायचं आहे. पुसत कोण बसणार?"

शिकारीला जाणारा रोज मुक्काम हलवत नाही. तो पहाटे अंधारात निघतो, तासन्‌तास न हलता बसतो, भिजून परततो. त्याला कपडे वाळवायला जागा हवी. चूल पेटली की छत तापून दवबिंदूच्या वर राहतं, गरम हवा माथ्याशी चढते आणि खालून कोरडी हवा ओढली जाते. आमचा सगळा घोटाळा त्याची चूल निस्तरत होती. रोज पंधरा मैल चालणाऱ्याला मात्र तेच चुलीचं ओझं नकोसं होईल. तेव्हा तंबू निवडण्याआधी तुमचा दिवस कसा जाणार ते ठरवा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. धुराडं नसलेली गॅसची शेगडी किंवा निखारे बंद तंबूत कधीही, कितीही थंडी असली तरी नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही. सहकारीसुद्धा चूल विझवूनच झोपतो आणि सोबत छोटा अलार्म ठेवतो. शिवाय आपल्या न्यू जर्सीत सगळ्या २१ काउंट्यांत अस्वलं दिसलेली आहेत. तंबूत शिजवलेल्या फोडणीचा वास त्यांनाही आवडतो.

घेतल्यावर आणि निघण्याआधी

तंबू आधी घराजवळ उभारून पाहा. हातमोजे घालून, अंधारात, बागेच्या नळीने पाणी मारून. मी आमच्या अपार्टमेंटच्या हिरवळीवर हे केलं तेव्हा शेजारच्या गुजराती मासींनी हळूच विचारलं, "घरात सगळं ठीक आहे ना?"

जागेचे नियम पाहा. कॅट्सकिलमध्ये पाणवाटा, पायवाटा आणि रस्त्यांपासून १५० फूट लांब राहायचं असतं, आणि ३५०० फुटांच्या वर २१ डिसेंबर ते २१ मार्च सोडून मुक्काम करता येत नाही. न्यू जर्सीतल्या अपालेचियन ट्रेलवर ठरवून दिलेल्या जागीच तंबू लावायचा. परत आल्यावर तंबू पूर्ण वाळवूनच ठेवा. ओला तंबू जुलैच्या दमट गॅरेजमध्ये पडला तर पॉलियुरेथेनच्या लेपाचे बंध पाण्याने तुटत जातात, कापड चिकट होतं आणि आंबूस वास मारू लागतं. मग ते सुधारत नाही.

आता तुम्ही विचाराल, तो ९०० ग्रॅमचा तंबू परत केला का? नाही. पुढच्या नोव्हेंबरला आम्ही दोघं तोच तंबू घेऊन त्याच डोंगरात गेलो. या वेळी उतारावर, हेमलॉकच्या झाडांखाली लावला, दोन्ही दारं अर्धी उघडी ठेवली आणि गार वारा लागतो म्हणून एकेक लोकरी टोपी जास्त घातली. सकाळी छताला हात लावला, तर किंचित ओल. रुमालाने पुसून टाकली. मित्राने बॅगेतूनच हात बाहेर काढून चहा मागितला.

या वेळी त्याचं बोलणं जराही अडखळलं नाही.