गाण्याच्या मॅकवर 'अपग्रेड' दाबण्याआधी

घरच्या स्टुडिओत मॅक वापरणाऱ्यांनो, टाहोचं (मॅकओएस २६) नोटिफिकेशन रोज डोकावतंय ना? थोडं थांबा.

सगळ्यात आधी तुमचा ऑडिओ इंटरफेस बघा. तो फायरवायरचा असेल तर विषय इथेच संपतो, कारण टाहोने फायरवायरचा आधार काढून टाकला आहे. थंडरबोल्टचा अडॅप्टर लावूनही उपयोग नाही. उत्तम प्रीॲम्प असलेली कितीतरी जुनी यंत्रं अजून सुंदर आवाज देतात, आणि ती एका क्लिकने मुकी व्हावीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

असं पूर्वीही झालंय. ऑक्टोबर २०१९मध्ये मॅकओएस कॅटलिना आलं आणि ३२-बिटची सॉफ्टवेअर्स कायमची बंद पडली. त्यासोबत अनेकांचे लाडके जुने प्लगइनही गेले.

मी काय करतो? गाणं अर्धवट असताना सिस्टीमला हातच लावत नाही. आधी पूर्ण बॅकअप घेतो. मग नवी सिस्टीम बाहेरच्या एसएसडीवर टाकतो, मॅक त्यावरून सुरू करतो आणि एखादा जड प्रोजेक्ट उघडून पाहतो. तबला-तानपुऱ्याचे सॅम्पल्स लोड होतात का? प्लगइनचं लायसन्स चालतं का? रेकॉर्डिंग करताना आवाज तुटतो का? आतली जुनी सिस्टीम तोवर जशीच्या तशी राहते.

हो, आणि जुन्या गाण्यांचा प्रत्येक ट्रॅक वेव्ह फाइल म्हणून वेगळा काढून ठेवा. प्लगइन गेला तरी वाजवलेलं हातात राहतं.

तुमचा इंटरफेस कोणता? कॉमेंटमध्ये लिहा.